जामिनाची ऐपत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'कार्यकर्ता आणि कायदा' असा छापलेला आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून त्यातील एकाच भागाविषयी मी बोलणार आहे. माणसाला अटक होते, न्यायालय त्याला जामीन देते आणि तो घरी येतो, असे आपण सहज म्हणतो. यातल्या 'जामीन देते' आणि 'घरी येतो' या दोन क्रियापदांच्या मधे किती अंतर असते, आणि ते अंतर कोणाच्या वाट्याला किती येते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

सुरुवात आपल्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी ऊसतोडणी मजुरांच्या थकलेल्या पैशासाठी आपण मोर्चा काढला होता. रस्ता अडवला गेला, थोडी झटापट झाली आणि एकोणीस जणांना अटक झाली. शासकीय कामात अडथळा आणल्याचे कलम लागल्यामुळे गुन्हा अजामीनपात्र होता. तिसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी सर्वांना जामीन मंजूर केला. प्रत्येकी १५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा तो हुकूम होता. दोन दिवसांत सतरा जण बाहेर आले. आपण हार घातले, घोषणा दिल्या, पेढे वाटले, आणि जो तो आपापल्या कामाला लागला.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक बाई कार्यालयात आली. कडेवर मूल होते. तिने फक्त एवढेच विचारले, "दादा, कोर्टानं सोडलं म्हन्ता, मग मान्सं कुठं हायेत?" तिचा नवरा आणि तिचा दीर, दोघे आतच होते. परजिल्ह्यातून तोडणीला आलेली माणसे. नावावर जमीन नाही, रेशनकार्ड गावाकडे, ओळखीचा असा कोणी या तालुक्यात नाही. त्यांना जामीनदार कोणी द्यायचा, हा प्रश्न आम्हांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता. त्यांना सोडवायला पुढे आणखी अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांचा दोष मी न्यायालयावर टाकत नाही. न्यायालयाने आपला हुकूम दिला होता. तो हुकूम त्या दोघांपर्यंत पोहोचवण्याचे काम आपले होते आणि आपण ते विसरलो होतो.

जामीन म्हणजे काय

प्रथम शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ. जामीन ही शिक्षा नव्हे, दंड नव्हे आणि माफीही नव्हे. खटला चालेपर्यंत आरोपी बाहेर राहील, तारखेला हजर राहील, साक्षीदारांना धमकावणार नाही, याची ती हमी आहे. ही हमी आरोपी स्वतः लिहून देतो तेव्हा तिला जातमुचलका म्हणतात. दुसरा कोणी त्याच्यासाठी देतो तेव्हा तो जामीनदार होतो. कागदावर जी रक्कम लिहिलेली असते ती त्याच वेळी कोणाला भरावी लागत नाही. आरोपी तारखेला आला नाही, तर ती सरकारजमा करण्याचा अधिकार न्यायालयाला असतो. अनेक गरीब माणसे पंधरा हजारांचा आकडा ऐकूनच हाय खातात आणि सावकाराकडे धाव घेतात. ही रक्कम आज भरायची नाही, एवढे त्यांना वेळेवर सांगणारा कोणी असता, तरी कितीतरी घरे कर्जातून वाचली असती.

गुन्हे दोन प्रकारचे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. तो देण्यास पोलिसठाण्याचा अधिकारीही बांधलेला आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४३६ वे कलम हे सांगत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेत तेच ४७८ वे कलम झाले आहे. यातली एक तरतूद प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. जामीनपात्र गुन्ह्यातील आरोपी निर्धन असेल आणि जामीनदार देऊ शकत नसेल, तर त्याला केवळ त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडले पाहिजे. आणि अटकेपासून एका आठवड्यात ज्याला जामीनदार मिळाला नाही, तो निर्धनच आहे असे गृहीत धरावे, असे कायदाच म्हणतो. गरिबीचा दाखला त्याने आणावा, असे कायदा म्हणत नाही. आठवडाभर जामीनदार मिळाला नाही, हाच त्याचा दाखला.

अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. तो देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर असते, एवढाच त्याचा अर्थ. खालच्या न्यायालयाने नाकारला, तर सत्र न्यायालयात जाता येते, तेथून उच्च न्यायालयात. यातही दोन दारे कायद्याने स्वतःच ठेवली आहेत. पोलिसांनी साठ दिवसांत, आणि गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क प्राप्त होतो. मात्र तो मागावा लागतो. दोषारोपपत्र येण्याच्या आधी अर्ज गेला नाही, तर हा हक्क हातचा जातो. म्हणून अटकेची तारीख भिंतीवर लिहून दिवस मोजत राहणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे. दुसरे दार ४७९ व्या कलमाचे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने एकतृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला असेल, तर त्याच्या सुटकेचा विचार झाला पाहिजे. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकलेली आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना हा लाभ मिळत नाही. जुन्या खटल्यांतील कैद्यांनाही ही तरतूद लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

सातबारा नसलेला माणूस

आता त्या दोन मजुरांकडे परत येऊ. हुकूम झाल्यावर जामीनदाराला न्यायालयात उभे राहावे लागते. त्याच्याजवळ काय असावे लागते? ओळखपत्र, रेशनकार्ड, छायाचित्रे, आणि ऐपतीचा पुरावा. म्हणजे सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. काही न्यायालयांत रेशनकार्डावर शिक्का मारतात, कागदांची पडताळणी पोलिसांकडून करवून घेतात. एकाच माणसाने किती जणांना जामीन राहावे, यावर नजर असते, आणि आपण आणखी कोणाकोणासाठी जामीन आहोत हे त्याला प्रतिज्ञेवर सांगावे लागते.

मित्रहो, या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. यातला एकेक कागद म्हणजे मालमत्तेचा किंवा कायम नोकरीचा पुरावा आहे. ज्याच्याजवळ जमीन आहे, त्याचे भाऊबंदही जमीनवालेच असतात. भूमिहीनाचे सोयरे भूमिहीन. मग पारधी वस्तीवरच्या तरुणाला, वीटभट्टीवरच्या बाईला, फुटपाथवर झोपणाऱ्या हमालाला जामीनदार कोठून मिळणार? एकाच कलमाखाली, एकाच दिवशी, एकाच न्यायालयाने सारखाच हुकूम दिलेली दोन माणसे. एक संध्याकाळी घरी जेवतो आणि दुसरा महिनोन्‌महिने बराकीत राहतो. दोघांच्या गुन्ह्यांत फरक नाही. फरक सातबाऱ्याचा आहे.

हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला ठाऊक नाही असे नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचा खटला त्या न्यायालयापुढे आला. त्याला सोडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाचाच होता. परंतु मध्य प्रदेशातील दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात विचारले की, दक्षिणेतला माणूस उत्तरेत पकडला गेला तर त्याने तेथला जमीनदार जामिनाला कोठून आणायचा? देश एक आहे, तर एका जिल्ह्याचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यात परका का? गवंड्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यात आले. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचे हुसेनारा खातून प्रकरण आले. ज्या गुन्ह्यासाठी पकडले त्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ आत काढलेली माणसे त्यात होती. कपिला हिंगोरानी यांनी वृत्तपत्रातील लेखांच्या आधारे ती याचिका केली होती. ज्याची मुळे समाजात रुजलेली आहेत, घर, कुटुंब, कामधंदा येथे आहे, तो पळून जाण्याची भीती नसेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असे न्यायमूर्ती भगवती यांनी तेव्हा सांगितले.

या गोष्टीला चार दशकांहून अधिक काळ लोटला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरात सुमारे शहात्तर. यातल्या पुष्कळांना जामीन नाकारलेला असतो. परंतु ज्यांना मंजूर झाला आहे आणि तरीही जे आत आहेत, त्यांचे काय? २६ नोव्हेंबर २०२२ च्या संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी न्यायमूर्तींसमोर अशा गरीब कैद्यांचा प्रश्न मांडला. त्यानंतर माहिती गोळा केली, तेव्हा असे सुमारे ५,००० कैदी आढळले. हुकूम कागदावर आणि माणूस गजाआड.

हुकूम ते फाटक

याच पार्श्वभूमीवर ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही निर्देश दिले. ते आपल्या प्रत्येक तालुका कार्यालयात लिहून लावावेत अशा योग्यतेचे आहेत. जामिनाच्या हुकमाची प्रत त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाधीक्षकामार्फत कैद्याला द्यावी. सात दिवसांत तो सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे, आणि सचिवाने विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण काय आहे ते पाहावे. कैद्याच्या आर्थिक स्थितीचा अहवाल तयार करून अट शिथिल करण्याची विनंती न्यायालयाला करता येते. बाहेर गेल्यावर जामीनदार आणतो असे कैदी म्हणाला, तर त्याला काही काळापुरता तात्पुरता जामीन देण्याचा विचार न्यायालयाने करावा. एक महिन्यात मुचलका दिला गेला नाही, तर न्यायालयाने आपण होऊन अटींचा फेरविचार करावा. आणि स्थानिक जामीनदारच हवा हा आग्रह सुटकेला विलंब करणारा आहे, म्हणून अशी अट घालू नये.

यापैकी एकही निर्देश आपोआप अमलात येत नाही. अर्ज कोणीतरी करावा लागतो. त्या दोन मजुरांचे आम्ही अखेर काय केले? रक्कम कमी करण्याचा अर्ज केला. मुचलक्याची रक्कम अवाजवी असू नये असे कायद्यातच म्हटलेले आहे, आणि ती कमी करण्याचा अधिकार सत्र व उच्च न्यायालयाला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. सोबत, जामीनदाराऐवजी काही रक्कम रोख भरून घ्यावी आणि जामीनदार देण्यास मुदत द्यावी, अशी विनंती केली. रोख ठेवीची ही तरतूदही कायद्यात आहे. दंडाधिकाऱ्यांनी ती मान्य केली. एवढे साधे काम होते. पहिल्या दिवशीही करता आले असते.

हुकूम झाला, मुचलका झाला, तरी तुरुंगाचे फाटक राहतेच. सुटकेचा आदेश तेथे वेळेत पोहोचला पाहिजे. संध्याकाळी बंदी झाली की सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या मुलाचा आदेश मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेरील पेटीत वेळेवर पडला नाही आणि त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. देशभर चर्चा झाली. गरिबाच्या अशा रात्रींची चर्चा होत नाही. नावातली एक वेलांटी चुकली, गुन्ह्याचा क्रमांक चुकला, दुसऱ्या खटल्यातले वॉरंट निघाले, की सुटका अडते. उत्तर प्रदेशातील एका कैद्याच्या आदेशात कलमाचे एक उपकलम लिहायचे राहिले एवढ्यासाठी त्याला अडकवून ठेवले गेले, तेव्हा जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्य सरकारला ५ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. म्हणून न्यायालयातून बाहेर पडण्यापूर्वी आदेश अक्षर न्‌ अक्षर वाचून घ्या. नाव, वडिलांचे नाव, गुन्ह्याचा क्रमांक, कलमे. कारकुनाला ते त्याच वेळी दुरुस्त करता येते. रात्री आठ वाजता फाटकावर येत नाही.

दोन आक्षेप

येथे कोणी म्हणेल, जामीनदार नको म्हणता, मग आरोपी पळून गेला तर? प्रश्न रास्त आहे. पीडितालाही न्याय हवा असतो, आणि खटल्याला आरोपी हजर असावाच लागतो. परंतु पळून जायला पैसा लागतो, ओळखी लागतात, परगावी निवारा लागतो. ज्याच्याजवळ हे सारे आहे त्याला पंधरा हजारांचा मुचलका थोपवू शकत नाही. आणि ज्याच्याजवळ यातले काहीच नाही तो आपली झोपडी आणि लेकरे सोडून कोठे जाणार? तारखा चुकतात त्या पुष्कळदा तारीख कळली नाही, गाडीभाडे नव्हते, मजुरी बुडली असती, या कारणांनी. त्यावर उपाय तुरुंग नाही. आदल्या दिवशी घरी जाऊन तारखेची आठवण करून देणारा कार्यकर्ता, हा उपाय आहे.

अमेरिकेचे उदाहरण मुद्दाम सांगतो. तेथे जामीन हा उघड व्यापार आहे. रकमेचा साधारण दहावा हिस्सा घेऊन हमी देणाऱ्या पेढ्या तेथे आहेत आणि तो हिस्सा परत मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये कॅलिफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून २०१० मध्ये पकडले. ३,००० डॉलर भरणे घरच्यांना शक्य झाले नाही. खटला न चालता तीन वर्षे आत काढून तो सुटला, आरोप मागे घेतले गेले, आणि २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच देशात इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीन संपूर्ण बंद केला. आपल्याकडे असा धंदा कायदेशीर नाही. तरीही न्यायालयाच्या आवारात झाडाखाली बसलेले भाडोत्री जामीनदार आणि त्यांचे दलाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते तेथे का बसू शकतात? प्रामाणिक जामीनदार तेथे जात नाही म्हणून.

दुसरा आक्षेप आपल्याच परंपरेतला आहे. सत्याग्रहीने जामीन का मागावा? १९१७ साली मोतीहारीच्या न्यायालयात गांधीजींनी जामीन देण्यास नकार दिला आणि दंडाधिकाऱ्याला त्यांना जामिनाशिवाय सोडावे लागले, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. ती सांगावीच. पण नकार देण्याचा अधिकार ज्याचा त्याने वापरायचा असतो. ज्याने जाणीवपूर्वक तुरुंग पत्करला त्याचा तो त्याग. आणि आपल्या मोर्चात आलेल्या मजुराला जामीनदार नाही म्हणून तुरुंग घडला, तर तो त्याग नव्हे, ती आपली हलगर्जी. त्याच्या मजुरीचे अकरा दिवस आपण कोणत्या हिशेबात धरणार?

जेथे जामिनाचे दारच बंद केलेले आहे अशा कायद्यांविषयी आज मी बोललो नाही. जामिनाच्या अर्जाचा निकाल लागण्याआधीच ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असताना मृत्यू पावलेल्या फादर स्टॅन स्वामींचे स्मरण मात्र ठेवले पाहिजे. ती लढाई विधिमंडळात, संसदेत आणि रस्त्यावर करावी लागेल. पण जेथे दार उघडे आहे आणि केवळ उंबऱ्यावर माणूस अडला आहे, तेथे आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आपण काय करायचे

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यात जामीनदारांची एक वही ठेवा. ज्यांच्याजवळ सातबारा आहे, पगारपत्रक आहे, अशा सभासदांची आणि सहानुभूतीदारांची नावे त्यात लिहा. त्यांचे कागद आधीच गोळा करून ठेवा. ऐपतीचा दाखला अटकेनंतर काढायला गेलात तर उशीर झालेला असतो. जामीन राहणाऱ्याला जोखीम स्पष्ट सांगा. आरोपी आला नाही तर नोटीस त्याच्या घरी येईल, रक्कम त्याला भरावी लागू शकेल. ही जोखीम संघटनेने वाटून घ्यावी ती प्रत्येक तारखेला आरोपीला हजर ठेवून. पैसे देऊन नुकसानभरपाईचा करार करू नका, ते कायद्याला मान्य नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि लोकअभिरक्षक कार्यालयाकडे जा. कोठडीतील प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क आहे. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये साहाय्ययोजना काढली, तेव्हा कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंतची मदत तीत ठरवली होती. जिल्हा समितीकडे त्यासाठी प्रकरणे जातात की नाही, हे विचारत राहा.

आणि शेवटचे. पुढच्या मोर्चात अटका झाल्या, तर सुटकेचा क्रम उलटा लावा. ज्याला कोणी नाही त्याचे कागद सर्वांत आधी न्यायालयापुढे ठेवा. पुढाऱ्यांना जामीनदार मिळतातच, त्यांनी एक रात्र अधिक आत काढली तर बिघडत नाही. फाटकावर शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत हार बांधून ठेवा.

त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या नवऱ्याने मात्र सुटल्यावर कसली तक्रार केली नाही. गावी जाण्यापूर्वी तो कार्यालयात आला, पाणी प्याला आणि म्हणाला, "पुढच्या मोर्च्याला सांगा, येतो." मित्रहो, त्याला पुन्हा बोलावण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर ही जामीनदारांची वही आपण आज, या शिबिरातच सुरू केली पाहिजे. पहिले नाव माझे लिहा.